झर्गा: 137 टनांचा दोर विंचच्या ओढीने कसा तुटला

2 मार्च 2015. वेल्समधल्या मिलफर्ड हेवन बंदरात साउथ हुक नावाचं एलएनजी (द्रवरूप नैसर्गिक वायू) टर्मिनल आहे. कतारी वायू घेऊन येणारी जहाजं तिथे रिकामी होतात. त्या दिवशी धक्क्याला 'झर्गा' लागलं होतं. क्यू-मॅक्स जातीचं हे जहाज 345 मीटर लांब, आणि टाक्यांमध्ये 2,66,000 घनमीटर द्रवरूप वायू मावेल एवढं अवाढव्य. जहाज दोरांनी धक्क्याला बांधून झालं असं जाहीरही झालं होतं. पण एलएनजी टर्मिनलवर नुसतं बांधून भागत नाही. किनाऱ्यावरचे वायू उतरवून घेणारे लोडिंग आर्म ठरावीक कक्षेतच हलतात, त्यामुळे जहाजाचा मॅनिफोल्ड, म्हणजे पाइप जोडायची जागा, त्यांच्या बरोबर समोर यावा लागतो. जहाज जागेवरून थोडं सरकलं होतं, म्हणून पुढच्या स्प्रिंग लाइन ओढून ते परत जागी आणायचं ठरलं.

हे काम रोजचंच. स्प्रिंग लाइन म्हणजे जहाजाला पुढेमागे सरकू न देणारे दोर. पुढचे स्प्रिंग नाळेकडच्या भागातून निघून मागच्या दिशेने धक्क्यावर जातात. विंचने, म्हणजे दोर ड्रमवर गुंडाळणाऱ्या यंत्राने, ते थोडे घेतले, थोडे सोडले की जहाज इंचाइंचाने जागेवर येतं. पुढच्या टोळीचा प्रमुख असलेला अधिकारी डाव्या बाजूच्या रोलर फेअरलीडच्या (दोर जहाजाबाहेर जाताना ज्या रोलरवरून वळतो त्याच्या) मागे उभा राहिला. विंच चालवणाऱ्यापर्यंत हुकूम पोचावेत म्हणून त्याने आपल्या पुढे एक खलाशी उभा केला. विंचने दोर ओढायला सुरुवात केली, पण विंच पुन्हा पुन्हा रेंडर होत होता, म्हणजे ओढ झेपेना म्हणून ड्रम उलटा फिरून दोर परत सुटत होता. मग एक स्प्रिंग लाइन खडखडायला, करकरायला लागली आणि अचानक तुटली. फेअरलीड आणि तुटलेली जागा यांच्यामधला दोराचा तुकडा उसळला, अधिकाऱ्याच्या डोक्यावर बसला आणि फेअरलीडमधून समुद्रात गेला. अधिकाऱ्याच्या डोक्याला गंभीर इजा झाली. त्याला हेलिकॉप्टरने डोक्याच्या दुखापतींवर उपचार करणाऱ्या खास केंद्रात नेऊन तातडीने शस्त्रक्रिया करावी लागली.

ब्रिटनच्या सागरी अपघात तपास शाखेने त्याच वर्षी घाईने एक सुरक्षा पत्रक काढलं आणि 2017 मध्ये पूर्ण अहवाल दिला. घाई कशासाठी, ते दोराचा तपशील पाहिला की कळतं.

तो दोर 44 मिलिमीटर व्यासाचा, एचएमपीई नावाच्या धाग्याचा, वरून विणलेलं आवरण असलेला. हा धागा म्हणजे एक प्रकारचं पॉलिथिनच, फक्त त्याचे रेणू फार लांब आणि एकाच दिशेला सरळ बसवलेले. त्याच जाडीच्या पोलादी तारेइतका मजबूत, वजनाला तिच्या सातव्या हिश्श्याच्या आसपास, आणि पाण्यावर तरंगणारा. तारेच्या दोराने हाताची सालटं काढून घेतलेल्या कुणालाही हा दोर म्हणजे वरदानच वाटतो. नवा असताना त्याची किमान तुटण्याची ताकद 137 टन होती.

आता हिशोब करा. मूरिंगच्या, म्हणजे जहाज धक्क्याला बांधायच्या, विंचची ओढ अशी ठरवलेली असते की ती दोराच्या तुटण्याच्या ताकदीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या आत राहावी. ब्रेक त्या ताकदीच्या साधारणपणे 60 टक्क्यांवर सुटेल असा लावतात. ही सगळी साखळी एकाच हेतूने आखलेली आहे: काही झालं तरी विंचने हार मानावी, दोराने नव्हे. झर्गावर विंच हार मानतही होता, वारंवार मानत होता. तरीही दोर तुटला. याचा सरळ अर्थ असा की त्या दिवशी तो 137 टनांचा दोर राहिलेलाच नव्हता. ड्रमवर गुंडाळलेला होता तो त्या ताकदीचा लहानसा हिस्सा, आणि वरच्या आवरणाकडे बघून हे कुणालाही सांगता आलं नसतं.

आवरणाच्या आत काय चाललं होतं

जुन्या मनिला किंवा काथ्याच्या दोराची तपासणी कुठलाही सारंग डेकवर बसल्या बसल्या करायचा. दोर हातात घ्यायचा, पीळ उलटा देऊन पदर उघडायचे आणि आत बघायचं. आतला धागा पिवळसर, लांब आणि घट्ट असेल तर दोर चांगला. भुकटी पडत असेल, काळपट झाला असेल, नाकाला कुबट वास येत असेल तर टाकून द्यायचा. नायलॉन किंवा पॉलिस्टरच्या तीनपदरी दोरातही हे जमतं. आवरण घातलेल्या एचएमपीई दोरात जमत नाही. आवरण धाग्याचं ऊन, मीठ आणि घासण्यापासून रक्षण करतं, पण बघणाऱ्याची नजरही तिथेच अडते. वजन पेलणारा गाभा आत, तपासणाऱ्याचा हात बाहेर.

तपासात निष्पन्न झालं की गाभ्याचे धागे अक्षीय दाबाच्या थकव्याने मोडले होते. नाव बोजड असलं तरी प्रकार समजायला सोपा आहे. दोर म्हणजे ओढ सोसण्यासाठी बनवलेली वस्तू. त्याच्या धाग्याला दाब सोसत नाही. पण दोर ताणून सोडला, पुन्हा ताणला, पुन्हा सोडला आणि हे शेकडो वेळा होत राहिलं की गाभ्यातले काही धागे बाकीच्यांपेक्षा किंचित लांब होतात. ओढ सुटली की सगळा दोर आखडतो, आणि घट्ट विणीत अडकलेल्या त्या लांब धाग्यांना आखडायला जागा उरत नाही. मग ते मुडपतात. ठरावीक अंतरावर बारीक घडी पडते. ताणलं की घडी उघडते, सोडलं की पुन्हा तिथेच पडते. कागद एकाच रेघेवर घडी घालून उलगडत राहिलं तर तो जसा त्या रेघेवर फाटतो, तसाच धागा तिथे तुटतो.

यात भर घालतात वळणं. फेअरलीडच्या रोलरवरून दोर वळला की वळणाच्या आतल्या अंगाचे धागे दबतात, बाहेरच्या अंगाचे ताणले जातात. रोलरचा व्यास दोराच्या व्यासाच्या किती पट आहे यावर हा दाब ठरतो. पट कमी असली की दोराचं आयुष्य झपाट्याने कमी होतं. आपल्याकडे अनेक जहाजांचं डेकसामान मुळात तारेच्या दोरासाठी विचारात घेतलेलं असतं. तारेच्या जागी एचएमपीई आला तेव्हा वजन घटलं, माणसं कमी लागली, खरेदी खात्याला आकडे आवडले. रोलर मात्र तेच राहिले. नव्या दोराला जुना रोलर मानवतो का, हा प्रश्न कागदावर विचारलाच गेला नसेल तर तो डेकवर कधीतरी विचारला जाणारच. झर्गाच्या अहवालात दोराची घडण आणि डेकवरची वळणं या दोन्ही गोष्टी एकत्र येतात, आणि मला हा त्यातला सर्वांत कामाचा भाग वाटतो. नुसता 'खराब दोर' असं लेबल लावून मोकळं होता येत नाही.

'हा दोर उसळत नाही'

एचएमपीई आला तेव्हा त्याच्याबरोबर एक समजूतही जहाजांवर चढली: हा दोर तुटला तरी नायलॉनसारखा उसळत नाही, जागच्या जागी पडतो. समजुतीला आधार होता. नायलॉन तुटण्याआधी 20 ते 30 टक्के किंवा त्याहूनही जास्त ताणला जातो. त्या ताणात साठलेली सगळी ऊर्जा तुटताक्षणी मोकळी होते आणि टोक चाबकासारखं फिरतं. नायलॉनने पाय गमावलेल्या माणसांच्या गोष्टी प्रत्येक सारंगाकडे असतात. एचएमपीई मात्र तुटेपर्यंत जेमतेम 3-4 टक्के ताणला जातो. ताण कमी, साठा कमी, उसळी कमी. तर्क बरोबर आहे, पण दोर एकटा असेल तरच.

तो एकटा नसतो, कारण एवढा ताठ दोर उघड्या धक्क्यावर वापरताच येत नाही. लाटेने जहाज अर्धा मीटर जरी हललं तरी ताठ दोराला तो झटका सोसत नाही. म्हणून एचएमपीईच्या किनाऱ्याकडच्या टोकाला एक ताणला जाणारा तुकडा जोडतात, त्याला टेल म्हणतात. नेहमीची लांबी 11 मीटर. लाटांचा मारा असलेल्या ठिकाणी 22. टेल मुख्य दोरापेक्षा निदान 25 टक्के जास्त ताकदीची घ्यायची असा पॉलिस्टरच्या टेलसाठी प्रघात आहे. झर्गावर 22 मीटरची टेल होती, पॉलिस्टर आणि पॉलिओलेफिन यांच्या मिश्रणाची.

इथे गाठीचा एक छोटा मुद्दा आहे. दोर एचएमपीई असेल तर गाठ मारायची नाही, हे शिकाऊ मुलांना सांगावं लागतं. मनिलात किंवा पॉलिस्टरमध्ये बोलाइनची गाठ मारली तर दोराची ताकद साधारण तिसऱ्या हिश्श्याने घटते, पण गाठ पकडून तरी राहते. एचएमपीई इतका गुळगुळीत असतो की गाठीतून सरकत निघून जाऊ शकतो. म्हणून फासा हवा तर स्प्लाइस करायचा. 12 पदरी विणीच्या दोरात टोक परत दोराच्या पोटात पुरायची लांबी व्यासाच्या 72 पट धरतात. 44 मिलिमीटरला हे तीन मीटरच्या वर जातं. मोजूनमापून करायचं काम, घाईत उरकण्याचं नाही. टेल आणि दोर मात्र दोन फासे एकमेकांत ओवून काऊ हिचने जोडतात, म्हणजे टेल झिजली की बदलता येते.

तर असा हा जोडदोर. आता त्यात ऊर्जा कुठे साठते ते बघू. हा माझा ठोकताळा, झर्गाचे आकडे नव्हेत. ओढ 20 टन धरा. ताठ दोर 60 मीटर बाहेर आहे असं धरलं तर तो फार तर 30 सेंटिमीटर ताणला जाईल. 22 मीटरची टेल त्याच ओढीला मीटरभर तरी ताणली जाईल. लांबीने तिसरा हिस्सा असलेली टेल मुख्य दोराच्या तिप्पट ताणली जाते. दोन्ही मिळून साठणारी ऊर्जा सव्वा लाख जूलच्या घरात जाते. एवढी ऊर्जा सव्वा टनाची मोटार ताशी पन्नासच्या वेगाने धावताना तिच्यात असते. 'न उसळणाऱ्या' दोराच्या शेपटाला हे सगळं बांधलेलं होतं.

आणि दिशा बघा. दोर तुटला तो विंच आणि फेअरलीड यांच्या मध्ये, डेकवर. ताणलेली टेल होती बाहेर, धक्क्याच्या बाजूला. त्यामुळे तुटलेलं टोक विंचकडे आलं नाही. टेलने ते फेअरलीडकडे आणि तिथून बाहेर खेचून नेलं. मधे रोलर, त्याच्याभोवती वळण, म्हणून ते सरळ न जाता वळसा घेत, आडवं फटकारत गेलं. अधिकारी फेअरलीडच्या मागे उभा होता. दोराच्या सरळ रेषेत, विंचसमोर उभं राहायचं नाही हा धडा त्याने पाळलाच होता.

म्हणूनच त्या काळातल्या दुसऱ्या एका सवयीबद्दल बोलायला हवं. अनेक जहाजांवर मूरिंग डेकवर पिवळ्या-लाल रंगाने स्नॅप-बॅक झोन, म्हणजे तुटलेला दोर जिथे उसळेल असे पट्टे, आखलेले असायचे. इथे उभे राहू नका, बाकी डेक मोकळा. ब्रिटनच्या खलाशांसाठीच्या सुरक्षित कामाच्या संहितेने 2015 च्या आवृत्तीत असे पट्टे रंगवायचं टाळा असं सांगितलं, कारण त्यांनी खोटा भरवसा निर्माण होतो. मला हे पूर्ण पटतं. पट्टा रंगवणाऱ्याने दोर सरळ रेषेत धरलेला असतो. खऱ्या डेकवर दोर दोन रोलरांवरून वळतो, टेल बाहेर असते, आणि कुठे तुटेल ते आधी ठरत नाही. ओढ असलेला दोर डेकवर असेल तर सगळा डेकच धोक्याचा धरावा, हे ऐकायला अतिरेकी वाटतं, पण झर्गा त्याचंच उदाहरण आहे.

तो तिथे का उभा होता

अपघातांच्या चर्चेत इथे येऊन लोक थांबतात: 'उभा चुकीच्या जागी होता.' हे म्हणणं मला आवडत नाही. कारण त्या डेकवर बरोबर जागा कुठली होती, हे कुणी सांगत नाही.

विंच चालवणाऱ्याला दोर कुठे जातो ते दिसत नाही. त्याच्या हातात लिव्हर, समोर ड्रम. जहाज किती सरकलं, दोर किती ताणला आहे हे बघायला कुणीतरी कडेला, फेअरलीडजवळ जायलाच हवं. तो माणूस विंचपासून लांब, मधे यंत्रं, वारा, डेकवरचा आवाज. म्हणून मधे आणखी एक माणूस, हाक पुढे पोचवणारा. आपल्याकडच्या खलाशांनी अशा वेळी 'हबेस' आणि 'आरिया' अशा हाका पिढ्यान्‌पिढ्या मारल्या आहेत, ओढ आणि सोड. अशी साखळी नीट चालताना बघितली तर कौतुक वाटतं. पण तिच्यात प्रत्येक कडीला सेकंद जातात, आणि थांबा हा हुकूम उलट दिशेने यायला आणखी जास्त. दोर करकरू लागल्यापासून तुटेपर्यंत जो वेळ होता, तेवढ्यात ओळखायचं, ठरवायचं, ओरडायचं, पुढच्याने ऐकायचं आणि लिव्हर मागे घ्यायचा. दोर आवाज करत होता हे लक्षात घ्या. एचएमपीई अनेकदा एवढीही सूचना देत नाही.

माझ्या मते प्रकरण त्या करकरीआधीच हातातून गेलं होतं, विंच पहिल्यांदा रेंडर झाला तेव्हा. विंच दोर परत सोडतो म्हणजे तो सांगत असतो की जेवढी ओढ आहे तेवढ्यात जहाज हलत नाही. अशा वेळी प्रश्न एकच: जहाजाला धरून कोण बसलंय? उलट दिशेचे दोर पुरेसे सोडलेत का, वारा किंवा प्रवाह किती आहे, टगला (जहाज ओढणाऱ्या-ढकलणाऱ्या छोट्या बोटीला) परत बोलवायला हवं का? पुन्हा लिव्हर दाबणं हे त्या प्रश्नाचं उत्तर नव्हे. पण जो दोर 137 टनांचा आहे असं सगळे धरून चालले आहेत, तो विंचने तुटणार नाही ही खात्री असते, आणि त्या खात्रीवर माणसं आणखी एकदा लिव्हर दाबतात. प्रमाणपत्रावरचा आकडा दोराच्या जन्माच्या दिवशीचा असतो. विमा एजंटाला चालेल. डेकवरच्या माणसाला आजचा आकडा लागतो.

आजचा आकडा मिळवायचा कसा, हेच मग पुढच्या काही वर्षांचं काम ठरलं. तेल कंपन्यांच्या ओसीआयएमएफ या संघटनेने 2018 मध्ये मूरिंगच्या मार्गदर्शिकेची चौथी आवृत्ती काढली. तिच्यात जहाजाची आखणी ज्या ताकदीवर होते तो आकडा आणि प्रत्यक्ष दोराचा तपासलेला आकडा वेगळे केले, आणि प्रत्येक दोराची वही ठेवायला सांगितलं: कुठे वापरला, किती तास, कोणत्या विंचवर, टोकं कधी उलटवली, कधी काढणार. वापरलेल्या दोराचा तुकडा कापून चाचणीला पाठवणंही आता नवलाचं राहिलेलं नाही. तुकडा गेला तर दोर तेवढा आखूड होतो, खर्च होतो, आणि म्हणून कार्यालयातून कुरकुर होते. पण आवरणाखालच्या गाभ्याची खात्री करायला चाचणीयंत्राइतका भरवशाचा दुसरा मार्ग नाही. पदर उघडून बघणाऱ्या सारंगाची जागा आता प्रयोगशाळेने घेतली आहे. फरक एवढाच की सारंग डेकवर हजर असायचा आणि प्रयोगशाळेचा निकाल यायला महिना लागू शकतो. त्या महिन्यातही जहाज बांधलं जातच असतं.

आंतरराष्ट्रीय नियमही बदलले. समुद्रावरच्या सुरक्षेच्या सोलास या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या प्रकरणातला मूरिंगचा नियम सुधारला गेला आणि 1 जानेवारी 2024 पासून लागू झाला. त्यातले दोन भाग वेगळे ओळखायला हवेत. दोरांची तपासणी, निगा आणि नोंदी हा भाग जुन्या-नव्या सगळ्या जहाजांना लागू आहे. मूरिंग डेकची मांडणी कशी असावी, विंच चालवणाऱ्याला दोर दिसावा, दोर शक्य तितका सरळ जावा, माणसांना दोराजवळ जायची वेळ कमीत कमी यावी, हा भाग मात्र त्या तारखेनंतर बांधणीचा करार झालेल्या जहाजांना.

कोकणातून, मुंबईतून आणि गोव्यातून बोटीवर जाणारी बहुतेक मुलं पुढची कित्येक वर्षं त्याआधी बांधलेल्या जहाजांवरच काम करणार आहेत. त्यांच्या डेकवर विंचवाल्याला दोर दिसणार नाही, मधे हाक पोचवणारा लागेल, आणि दोराला आवरण असेल. जहाजावर चढल्यावर पहिल्या मूरिंगच्या आधी दोरांची वही त्यांना आता मागून बघता येते. वही दाखवायला टाळाटाळ झाली, किंवा तीन वर्षांच्या सगळ्या नोंदी एकाच पेनाने, एकाच अक्षरात एका बैठकीत केलेल्या दिसल्या, तर तेही त्या दोराबद्दल बरंच काही सांगून जातं.